अठरा फूट

देपालपूर रस्त्याला, वीटभट्टीच्या मागे,
ती कोंबड्यांचं खुराडं होऊन उभी होती.
नाक पुढे काढलेली, अठ्ठावन्न सालची बेडफर्ड,
चारी चाकं मातीत रुतलेली,
आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक तुरेवाला कोंबडा,
गाडी आपणच चालवतो अशा थाटात.
भट्टीवाला म्हणाला, "ले जाओ भिया,
पर मुर्गा नीं मिलेगा."

मी वीजमंडळातला मीटर-रीडर, निवृत्त.
चौतीस वर्षं इंदुरातल्या भिंतींवरचे आकडे वाचले.
प्रत्येक घरात एक चकती फिरत असायची,
माझं असं काहीच फिरत नव्हतं.

परदेशीपुऱ्यात मेहुण्याचा प्लॉट रिकामा होता.
ट्रॉलीवरून बस उतरवली तेव्हा नलू एवढंच म्हणाली,
"हत्ती आणला असतात
तर निदान अनंत चतुर्दशीला मिरवला असता."

पहिले सहा महिने नुसतं खरवडलं.
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली शेंदरी,
शेंदऱ्याखाली मळकट पिवळा,
आणि पिवळ्याखाली, पॉलिशपेपर पाण्यात बुडवत बुडवत,
एका सकाळी एक 'र' वर आला.
मग 'पू'. मग अलीकडचा 'न'.
मानपूर.
मी मानपूरला कधी उतरलेलो नाही,
तिथे माझं कुणीही नाही.
तरी त्या दिवशी पुढे हात चालवला नाही.

गंजलेले नटबोल्ट रॉकेलमध्ये,
लोणच्याच्या बरणीत मुरत ठेवले होते.
नलूने बरणीवर चिठ्ठी डकवली: हे खाऊ नये.

रमजानी उस्ताद पत्र्याला हाताने बघायचे.
डोळ्यांत मोतीबिंदू, तळहात फिरवत जायचे
दारापासून मडगार्डपर्यंत,
आणि थांबायचे नेमके जिथे पोचा असेल तिथे.
"ये इधर किसी ने मारा है इसको," म्हणायचे,
आणि हातोडीला आधी फडकं गुंडाळायचे.

सियागंजात, हकीमुद्दीनच्या माळ्यावरून
पेपरात बांधलेला कार्बोरेटरचा जेट निघाला,
पेपर त्याच्या अब्बांच्या वेळचा.
पैसे घेतले नाहीत.
"चल पड़ी तो बिठा लेना, बस."

तिसऱ्या वर्षी, कार्तिकात, हँडलने उलटा झटका दिला.
मनगट भाकरीसारखं फुगलं.
डाव्या हाताने पुन्हा फिरवलं,
आणि ती आधी खोकली, मग शिंकली,
मग सगळा पत्रा एकदम बोलायला लागला.
भिंतीवरची मांजरं पसार.
उस्तादांनी बॉनेटवर तळहात ठेवला
आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग मी फाटक उघडलं.

तीन वर्षांत कुणी ओटा पुढे घेतला होता,
कुणी जिना,
आणि गल्लीच्या तोंडाशी, माझ्याच मंडळाने,
ट्रान्सफॉर्मर उभा केला होता.
टेप लावली. बस सात फूट चार इंच.
वाट सहा फूट अकरा.
जन्मभर आकडे वाचणारा माणूस,
आणि हा एवढा वाचायचा राहिला.
नलू हसली नाही.
हसली असती तर बरं वाटलं असतं.

प्लॉट चाळीस फूट, बस बावीस.
दर रविवारी, पोहे झाले की, अठरा फूट पुढे.
हकीमुद्दीन ठरल्याप्रमाणे पहिल्या खिडकीत,
मागे गल्लीतली पोरं, एकेका सीटवर चौघं,
उस्ताद पायरीवर, "अंदर गर्मी है" म्हणत.
घंटीची दोरी नलूच्या हातात. ती मी दिली नव्हती,
तिनेच जाऊन धरली.
दोन ठोके: चला. एक: थांबा.
भिंतीला नाक लागायच्या आत ती एक ठोका देते,
कधी कधी मुद्दाम उशिरा.

मंडळातला कुशवाह सांगून गेला,
"दादा, अर्जी दे दो, खंबा खिसक जाएगा."
अर्ज लिहिलेला आहे.
ड्रायव्हरच्या कप्प्यात, पान्याखाली.
सही राहिली आहे. तारीखही.

"मानपूर कब आएगा?" मागून एक पोरगं विचारतं.
मी आरशात बघतो, रिव्हर्स टाकतो.
गिअर अजून कुरकुरतो तिथे,
पुढच्या रविवारी बघायला हवं.